पी.टी.चा तास कोणी खाल्ला?

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन. टाळ्या आणि खोकले वगळले आहेत.)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय ‘शारीरिक स्वास्थ्य आणि मनाचं आरोग्य’ असा भारदस्त छापलाय. तो संयोजकांनी दिला. मी कळवला होता ‘पी.टी.चा तास कोणी खाल्ला?’ तो व्याख्यानमालेच्या इभ्रतीला शोभेना म्हणे. पण बोलणार मी आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच होईल. विषयावर येईन, काळजी नको. वेळ भरपूर दिलाय.

शाळेत ज्यांच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास होता त्यांनी हात वर करा. वा, सगळेच. आता तो तास खरोखर मैदानावर व्हायचा, त्यांनीच हात वर ठेवा. बघा! काहींचे हात खांदा दुखतो म्हणून खाली आले असतील, ते मी धरत नाही.

मी व्यायामशिक्षक होतो. शाळेचं नाव घेत नाही, पुढच्या दोन रांगा तिथल्याच आहेत. वेळापत्रकात तास माझा आणि फळ्यावर बीजगणित, असा सगळा कारभार. पोर्शन राहिला की गणिताचे सर स्टाफरूममध्ये चहा पुढे करून म्हणायचे, “सर, आजचा तुमचा तास तेवढा देता का?” एका कपावर तास गेला! त्यांनी निदान विचारलं तरी. इतिहासाच्या बाई परस्पर वर्गात जाऊन पानिपत सुरू करायच्या. दिवाळीनंतर दहावीच्या मुलांना मी फक्त पर्यवेक्षक म्हणून दिसायचो. वर्षाच्या शेवटी श्रेणी मात्र सगळ्यांना ‘अ’. एक पाऊल न पळता! आणि मैदान? लग्नसराईत तिथे मंडप. मंडप उठला की बांधकामाची वाळू, वाळू हलली की शिक्षकांच्या गाड्या. लांब उडीच्या खड्ड्यात मी पत्रावळ्या वेचल्या आहेत. २६ जानेवारी जवळ आली की मात्र मुख्याध्यापकांना अचानक माझी आठवण व्हायची. “सर, पाहुणे येणार आहेत, लेझीम बसवा.”

तुम्ही म्हणाल, तास गेला तर याला आरामच मिळाला की. मिळाला ना! पण ज्या दिवशी पी.टी. बुडायची त्या दिवशी शेवटच्या तासांना हमखास मारामाऱ्या व्हायच्या. कोणी कोणाचं दप्तर फेकलं, कोणी रडतंय, कोणाचं डोकं दुखतंय. आणि भांडणं सोडवायला बोलावणं कोणाला? मलाच! शिट्टी घेऊन या म्हणायचे. दिवसभर बाकावर कोंबलेल्या पोराच्या अंगातली रग मैदानावर निघाली नाही तर ती वर्गात निघते. हे शोधायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही, बंद वर्गाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

आता एका मुलीचं सांगतो. नववीतली. तास चुकून माझ्या वाट्याला आला की ही कडेला पायरीवर बसून राहायची. दोन फेऱ्या मारल्या की धाप लागायची, कोणी बोललं की डोळ्यांत पाणी. वर्गात नाव पडलं ‘रडूबाई’. बाई म्हणायच्या आळशी आहे, आई म्हणायची हळवी आहे, आजीच्या मते दृष्ट लागली होती. समुपदेशन करू या, असंही बैठकीत ठरलं. आरोग्य तपासणीला डॉक्टर आले, त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी फटक. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सातच्या घरात. संपलं! मुलगी हळवी नव्हती, तिच्या रक्तात लोहच नव्हतं. लोह कमी पडलं की मेंदूला प्राणवायू कमी पोचतो. शिवाय उत्साह देणारी जी रसायनं मेंदूत तयार होतात, डोपामिनसारखी, त्यांनाही लोह लागतं. उपचार सुरू झाले, जंताची गोळी झाली आणि काही महिन्यांनी ही पोरगी खो-खोच्या संघात भांडून जागा मागायला लागली. भांडून, बरं का! मला तर अत्यानंद झाला.

ही एकटीदुकटी गोष्ट नव्हे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त! घरोघरी ‘हल्ली हिची फार चिडचिड होते’ म्हणतात ना, त्यातली किती चिडचिड स्वभावाची आणि किती रक्ताची, हे कोणी तपासतं का? शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती खिडकीबाहेर किती जाते हे खिडकीखालच्या गवताला विचारा. उपाशीपोटी दिली की मळमळतं, म्हणून पोरं फेकतात. डबा खाल्ल्यावर द्या, एवढंच सांगायचं असतं.

व्यायामाचं भाषण आहे म्हटल्यावर लोकमान्य येणारच. कॉलेजात पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घातलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तोच कमावलेला माणूस पुढे मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं टिकला आणि १९१०–११च्या हिवाळ्यात त्यानं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. इथे सगळे वक्ते थांबतात, टाळ्या घेतात. मी थांबत नाही, कारण ते लिहिणाऱ्या माणसाला मधुमेह होता. तेव्हा शरीर धडधाकट असेल तरच मन खंबीर, असला सोपा हिशेब मी मांडत नाही. तसं असतं तर आजारी माणसानं हसायचंच नाही! माझं म्हणणं एवढंच, की मन बिघडलं तर शरीराकडेही बघा आणि शक्यतो आधी बघा. आपण काय करतो? ‘विचार सकारात्मक ठेवा’ असा सल्ला देतो. तो फुकट असतो ना.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ म्हणजे विषय आता सुरू करायला हवा.

तर पटापट. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ब्लुमेंथाल नावाच्या संशोधकानं १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्याचे १५६ रुग्ण, सगळे पन्नाशीपुढचे, म्हणजे आपल्यातलेच. एका गटाला सर्ट्रालिन हे औषध, दुसऱ्याला आठवड्यातून तीन वेळा देखरेखीखाली चालणं-धावणं, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. औषधाचा गुण लवकर दिसला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंय. पण पुढे सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा व्यायामाच्या गटातून बरे झालेल्यांपैकी कमी लोक पुन्हा आजारी पडलेले होते. गोळ्या फेका असा याचा अर्थ मुळीच नाही! डॉक्टरांना न विचारता मनाचं औषध बंद करणं धोक्याचं आहे. उद्या कोणी माझं नाव सांगून गोळ्या बंद केल्या तर मी ओळख दाखवणार नाही.

२०११चं आणखी एक संशोधन. १२० वयस्क माणसं, त्यातली निम्मी वर्षभर नेमानं चालली. स्मरणशक्तीशी निगडित असलेला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग वयाबरोबर आक्रसतो. चालणाऱ्यांचा तो सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. उरलेल्यांना अंग ताणण्याचे सौम्य व्यायाम दिले होते, त्यांचा आक्रसला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, मुलांना रोज ६० मिनिटं. रोज! आणि आम्ही आठवड्याच्या दोन तासांवरही डोळा ठेवतो.

झोप. तिच्यावर वेगळं व्याख्यान होईल, बोलावलंत तर. जागरण झालं की दुसऱ्या दिवशी जगातले सगळे लोक वाईट वाटतात, इतकं लक्षात ठेवा. त्या दिवशी मृत्युपत्र बदलू नका.

तपासण्या. उदास वाटतंय, थकवा आहे, विसरायला होतंय, तर थायरॉइड आणि बी-१२ हे जीवनसत्त्व बघून घ्या. शुद्ध शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ जास्तच बघा, त्या गोळीनं ते कमी होऊ शकतं. सगळं नीट निघालं आणि तरी मन उचलत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर फिरायला जा म्हणून कोणाची बोळवण करू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. १४४१६ हा सरकारचा ‘टेली मानस’चा फोन नंबर आहे, मराठीतही बोलतात.

दुसरी चिठ्ठी. यावर नुसतं उद्गारचिन्ह आहे.

प्राणायामाचे तीन मुद्दे राहिले, ते सोडतो. अध्यक्षांचं भाषण अजून व्हायचंय आणि तुम्ही दीड तास एका जागी बसलेले आहात, जे माझ्या शास्त्रात बसत नाही. तेव्हा आधी सगळ्यांनी उभं राहा. खुर्च्या सरकवू नका, मागच्याला लागेल. हात वर. टाचा उचला. अध्यक्ष महाराज, तुम्हीसुद्धा.