तळ्यावरचे मजले

श्रोतेहो, नमस्कार.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हे मेकाँग, तोनले साप आणि बासाक या नद्यांच्या संगमावर वसलेलं सखल शहर आहे. वीस वर्षांपूर्वी तिथे उंच इमारत शोधावी लागे. आज चीन, कोरिया, जपान, सिंगापूरच्या पैशातून चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उभे आहेत. फ्लॅटच्या किमती डॉलरमध्ये, कारण तिथला बराचसा व्यवहारच डॉलरमध्ये चालतो. असा फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात नेमकं काय येतं आणि त्या इमारतीखाली काय असतं, ते आज पाहू.

कंबोडियाच्या राज्यघटनेच्या ४४व्या कलमानुसार जमिनीची मालकी फक्त ख्मेर, म्हणजे कंबोडियन, नागरिकाची किंवा ख्मेर कंपनीची. २०१० साली वेगळा कायदा झाला आणि परदेशी माणसाला फ्लॅटपुरती वाट मिळाली: तळमजला आणि तळघर सोडून, पहिल्या मजल्यापासून वर. त्यातही इमारतीतल्या खासगी क्षेत्रापैकी जास्तीत जास्त ७० टक्केच परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतं. हा आकडा नीट लक्षात ठेवा. मनोरा प्रामुख्याने परदेशी गिऱ्हाइकांनाच विकला, तर ७० टक्क्यांनंतर आलेल्याला मालकीचा कागद मिळत नाही. मग त्याच्यापुढे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा ठेवतात, नाहीतर एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर खरेदी करा असं सुचवतात. हा दुसरा मार्ग कधीही धरू नये. ज्याच्या नावावर कागद, त्याचं घर.

कागद मुख्यतः तीन प्रकारचे. ‘हार्ड टायटल’ म्हणजे राष्ट्रीय भूमी खात्यात नोंदलेली, मोजणी झालेली मालकी. ‘सॉफ्ट टायटल’ म्हणजे स्थानिक पातळीवर शिक्का मारून दिलेला ताब्याचा कागद. फ्लॅटसाठी असतं ते ‘स्ट्राटा टायटल’, आणि ते इमारत पूर्ण होऊन तिची नोंदणी झाल्यावरच निघतं. तोवर खरेदीदाराकडे फक्त करारनामा. म्हणून बांधकाम चालू असताना तीन गोष्टी मागून घ्याव्यात: बिल्डरचं जमिनीचं हार्ड टायटल, बांधकाम परवाना, आणि परदेशी हिश्शापैकी किती क्षेत्र विकून झालंय त्याचा लेखी आकडा. क्षेत्रफळ ‘ग्रॉस’ की ‘नेट’ तेही विचारा. ग्रॉसमध्ये लिफ्ट, जिने, व्हरांडा यांचा वाटा धरलेला असतो, आपल्याकडच्या सुपर बिल्टअपसारखा. शिवाय नाव चढवताना ४ टक्के हस्तांतरण कर असतो.

‘हमखास भाडं’ या योजनेत बिल्डर काही वर्षं ठरलेलं भाडं द्यायची हमी देतो; तिचा हिशेब घरी करून बघा. एक लाख डॉलरचा फ्लॅट, तीन वर्षं दरवर्षी सहा टक्के हमी, म्हणजे अठरा हजार डॉलर. शेजारच्या इमारतीत तसाच फ्लॅट ब्याऐंशी हजारांना असेल, तर भाडं म्हणून तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळणार आहेत. स्थानिक माणूस हा फ्लॅट घेईल, या भरवशावर तर राहूच नये. २०२४ साली कपडे कारखान्यांतल्या कामगाराचं किमान वेतन महिना २०४ डॉलर होतं. एक दमडी खर्च न करता साठवलं, तरी लाख डॉलरला चाळीस वर्षं लागतात.

पैसा बाहेरचा असला की संकटही बाहेरूनच येतं. शहराच्या उत्तरेला कोरियन पैशावर कॅमको सिटी नावाची वसाहत सुरू झाली. कर्ज दिलं होतं दक्षिण कोरियातल्या बुसान सेव्हिंग्ज बँकेने. २०११ साली ती बँक बुडाली, काम थांबलं, आणि मालकीवरून दोन्ही देशांत वर्षानुवर्षं खटले चालले. शहराच्या मध्यभागी ४२ मजल्यांचा ठरलेला गोल्ड टॉवर, तोही कोरियन, कितीतरी वर्षं अर्धवट सांगाडा होऊन उभा होता.

आता जमिनीबद्दल. नॉम पेन्हमध्ये तळी आणि पाणथळ जागा बुजवून जमीन करतात. नदीच्या पात्रातली वाळू ड्रेजरने, म्हणजे गाळ उपसायच्या यंत्राने, उपसायची, पाण्यात कालवून पाइपातून तळ्यात सोडायची. पाणी निघून जातं, वाळू उरते. एक हेक्टर जागेवर तीन मीटर भराव म्हणजे तीस हजार घनमीटर वाळू. भरावाखाली मऊ चिखल असेल, तर वरच्या वजनाने त्यातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन वर्षानुवर्षं खचत राहते. मनोरा जमिनीत खोलवर गेलेल्या खांबांवर, म्हणजे पाइलवर, उभा असतो, तो जागचा हलत नाही. आजूबाजूचा फुटपाथ, गटार, पार्किंग मात्र खाली बसतं. दारात आधी नसलेली पायरी तयार होते. ड्रेनेजचा पाइप जिथे इमारतीतून बाहेर पडतो, नेमका तिथेच तडकतो. म्हणून जागा बघायला भर पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावं, आणि नमुना फ्लॅटच्या आधी इमारतीचं जोतं आणि रस्ता जिथे भेटतात ती फट बघावी.

तळं बुजलं की पावसाचं पाणी जाणार कुठे? दक्षिणेकडच्या तोमपुन पाणथळीत शहरातलं पावसाचं पाणी आणि सांडपाणी येऊन साठतं, पाणवनस्पतींमुळे बरंच निवळतं, मग पुढे जातं. त्याच पाण्यावर कुटुंबं कलमीची भाजी पिकवतात. तीही पाणथळ बांधकामासाठी भरली जाते आहे.

शहरातल्याच बोंग काक तळ्याचं काय झालं, ते सांगायलाच हवं. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ साली सगळं शहर रिकामं केलं आणि खासगी मालकी मोडीत काढली. १९७९ नंतर परतलेले लोक जागा मिळेल तिथे राहिले. २००१च्या भूमी कायद्याने, त्याआधी पाच वर्षं निर्वेध ताबा असलेल्याला मालकी मागण्याचा हक्क दिला. तरीही तळं आणि भोवतालची मिळून १३३ हेक्टर जागा २००७ साली एका खासगी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, ७ कोटी ९० लाख डॉलरला दिली गेली. पुढे त्यात चिनी कंपनीही भागीदार झाली. ऑगस्ट २००८मध्ये वाळू पडू लागली. पाणी आणि गाळ घरांत शिरला, आणि सुमारे चार हजार कुटुंबांवर घर सोडायची पाळी आली. अनेकांनी जेमतेम साडेआठ हजार डॉलर भरपाई घेऊन जागा सोडली. उरलेल्यांतल्या बायका रस्त्यावर उतरल्या. मे २०१२मध्ये त्यांच्यातल्या तेरा जणींना अडीच वर्षांची शिक्षा झाली; महिन्याभरात अपिलानंतर त्या सुटल्या. त्याआधी, ऑगस्ट २०११मध्ये, जागतिक बँकेने याच वादावरून कंबोडियाला नवी कर्जं थांबवल्याचं जाहीर केलं होतं, आणि त्याच महिन्यात सरकारने मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी १२.४४ हेक्टर जागा वेगळी काढली. त्या आखलेल्या रेषेबाहेर ज्यांची घरं पडली, त्यांना त्या वेळीही कागद मिळाला नाही.

नमस्कार.