मेंढपाळामागची वाट

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त.

तेविसावे स्तोत्र आपल्यापैकी पुष्कळांना संडे स्कूलपासून पाठ आहे. अवघी 6 वचने, आणि पहिलेच वचन असे : परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये हे स्तोत्र बहुधा दफनविधीला वाचले जाते, आणि ते मला नेहमी खटकते. कारण त्यात चरणे आहे, पाणी पिणे आहे, वाटचाल आहे, वाढलेले ताट आहे, म्हणजे जित्याजागत्या माणसाचा रोजचा दिवस आहे.

परंपरेने हे स्तोत्र ज्याचे मानले जाते तो दावीद बेथलेहेमचा, लहानपणी बापाची मेंढरे राखणारा. बेथलेहेमच्या पूर्वेला जमीन उतरत जाते ती थेट मृत समुद्रापर्यंत. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि तोही तुटपुंजा, त्यामुळे तिथले हिरवे कुरण म्हणजे थोडे दिवस टिकणारे विरळ गवत. कॅलेंडरवर मेंढपाळ पांढऱ्याशुभ्र झग्यात आणि गुडघाभर गवतात उभा असतो. त्या चित्रकाराने पावसात भिजलेल्या मेंढराचा वास कधी घेतला नसावा. तशा मुलखात गवत कोणीतरी आधी जाऊन शोधावे लागते. हे लक्षात असू द्या : कोणीतरी आधी जावे लागते.

इथे मला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे दिवाळी सरली की फलटण-माणच्या कोरड्या भागातले धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन घाटाकडे निघतात, खाली कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. एका वर्षी लोणंदच्या बाजूला अशाच एका वाड्याबरोबर मी सकाळपासून चालत होतो. घोड्यांवर बिऱ्हाड लादलेले होते, त्यात भांडीकुंडी, रात्री मेंढरांभोवती लावायची वाघूर, आणि या सगळ्याच्या वर नुकतीच जन्मलेली, डोळे मिचकावणारी कोकरे. वाड्यातले वडीलधारे मामा मात्र कुठे दिसेनात. आजचा मुक्काम कुठे, असे मी एका पोराला विचारले, तर तो चालता चालताच म्हणाला, "ते मामास्नी ठावं. पहाटंच गेल्यात रान बघाया." पाणी कुठे आहे, फवारणी कुठे झाली आहे, कोणत्या शेतकऱ्याला खतासाठी शेतात मेंढरे बसवून हवी आहेत, हे सारे कळप निघण्याआधीच पाहून ठेवायचे असते.

दुपारी एका फाट्यावर मामा उभे दिसले. उजव्या हाताला काढणी झालेल्या ज्वारीचे रान होते आणि बुडख्यांना वीतभर हिरवेगार फुटवे आले होते. डावीकडे नुसते दगडगोटे, फुफाटा आणि बाभळी. भुकेली मेंढरे साहजिकच उजवीकडे ओढ घेऊ लागली. मामा बांधावर आडवे उभे राहिले, काठी आडवी धरली आणि त्यांनी जिभेने एक चर्रर्र असा आवाज काढला, तसा कळप डावीकडे वळला. एक मेंढी तरीही आत घुसलीच. मामांनी तिचा मागचा पाय धरून तिला बाहेर ओढले आणि तोंडात बोट घालून चावलेला पाला काढून टाकला. मला राहवेना. मी म्हणालो, "मामा, मुकी जनावरं सकाळपासून उपाशी आहेत, घटकाभर चरू द्या की." ते हसले. "पाव्हणं, हिरवं दिसतंय खरं, पर किराळ लागंल. डोळ्यांदेखत आडवी व्हत्याल."

ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विष तयार होते आणि ते पोटात गेले की जनावर थोड्याच वेळात दगावू शकते, हे शेतकरी श्रोत्यांना मी सांगायला नको. ती दगडी वाट पुढे एका ओढ्याला लागली. तिथे पाणी होते, हरळी होती, आणि रात्रीसाठी शेजारच्या एका शेतकऱ्याशी मामांनी सकाळीच बोलून ठेवले होते. मेंढरे चरली, पाणी प्यायली, वाघुरीत बसली. किराळ म्हणजे काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

श्रोतेहो, विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे मला त्या फाट्यावर जितके कळले तितके पुष्कळ प्रवचनांत कळले नव्हते. ठरत आलेले लग्न मोडते, हाताशी आलेली नोकरी जाते, आणि डोळ्यांसमोर तर हिरवे रान दिसत असते. असे का झाले, याचे उत्तर कधी मागाहून मिळते, कधी मिळतच नाही. स्तोत्रकर्ताही उत्तर मिळाल्याचे म्हणत नाही. तो मृत्युच्छायेच्या दरीतून जातो आणि एवढेच म्हणतो, की तू माझ्याबरोबर आहेस. ती दरी चुकवून नेण्याचे वचन या स्तोत्रात कुठेही नाही, आणि तसे वचन देणाऱ्या वक्त्यांपासून चार हात दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मागे जायचे ते कोणाच्या? योहानाच्या 10व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, की उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो, तो त्यांच्या पुढे चालतो, आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखतात म्हणून त्याच्या मागे जातात. पुन्हा सांगतो : तो पुढे चालतो, आणि ती आवाज ओळखतात. ही ओळख संकटाच्या दिवशी एकाएकी होत नाही. मामांचा तो चर्रर्र आवाज त्या मेंढरांनी कोकरे असल्यापासून ऐकलेला होता. उलट, मेंढरांची चरबी खाऊन आणि लोकर पांघरून स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांना यहेज्केल संदेष्ट्याने 34व्या अध्यायात खडसावले आहे, आणि तो अध्याय आम्हा उपदेशकांनी वर्षातून एकदा तरी मंडळीसमोर उभे राहून वाचावा.

या आठवड्यात रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या लहान मुलाकडून तेविसावे स्तोत्र मोठ्याने वाचून घ्या आणि दुसऱ्या दिवशी योहानाचा 10वा अध्याय वाचा. पुढच्या वेळी आपण लूकच्या 15व्या अध्यायातल्या, 99 मेंढरे रानात ठेवून एकाला शोधायला निघालेल्या माणसाविषयी बोलू. नमस्कार.