हापसा, वायसर आणि ऐकण्याची सवय

नमस्कार श्रोतेहो. युगांडात वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहून आलात, तर तुमच्यात काय बदललं ते सांगा, असं आकाशवाणीच्या सांगली केंद्रानं मला विचारलं. मी ऐकायला शिकले. पुन्हा सांगते, ऐकायला शिकले.

मी आटपाडीची. टँकरमागं घागर घेऊन धावतच मोठी झाले. त्यामुळं पाण्याचं काम म्हटल्यावर लगेच होकार दिला. उत्तर युगांडातला लिरा भाग. पाऊस आपल्या माणदेशापेक्षा कितीतरी जास्त, पण प्यायला बोअरचं पाणी. आणि बोअरवर हापसा कुठला? आपलाच, इंडिया मार्क टू! आपल्या शेजारच्या सोलापुरात घडलेल्या पंपावरून १९७० च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफनं तो तयार केला. परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसा आनंद झाला मला.

तर एका सकाळी हा हापसा बंद पडला. दांडा मारून मारून हात भरून आले, थेंब येईना. पिवळ्या वीस लिटरच्या कॅनची रांग लागलेली. माझ्या ओठावर आलं होतं, वायसर (पंपाच्या आतली, पाणी वर ओढणारी चकती) गेलंय, चला, मी आणते. पण पंपाची राखण करणाऱ्या आजींनी मला हाताला धरून आंब्याखाली बसवलं. आधी बायका जमल्या. खजिनदार बाईंनी लुगड्यासारख्या रंगीत कापडाची गाठ सोडली आणि घरटी जमलेले शिलिंग सगळ्यांदेखत मोठ्यानं मोजले. कुणाचे आले, कुणाचे राहिले, कुणाकडं आजारपण आहे म्हणून माफ, सगळं चारचौघींत. तास गेला, दीड तास गेला. मी नुसती ऐकत होते.

  

मग सायकलवरून मिस्त्री आला. झाकण उघडलं, साखळी सोडवली, दहा-बारा जणांनी मिळून पाइप वर ओढले. सिलिंडर उघडून मिस्त्रीनं वायसर आजींच्या तळहातावर ठेवलं. त्याची कड झिजून पार कागदासारखी झाली होती. आजींनी ते सगळ्या बायकांना हातात घेऊन बघायला लावलं. पैसा कशावर गेला ते प्रत्येकीनं बघितलं. दुपार कलल्यावर पाणी आलं. पहिला कॅन भरला तो आजारी घरचा.

मी वायसर आणून दिलं असतं तर पाणी सकाळीच आलं असतं. पण हापसा त्यांचा, पैसा त्यांचा, निर्णय त्यांचा. एवढा वेळ गप्प बसणं मला त्या आंब्याखाली जमलं, आणि तेव्हापासून जमतंय. घरात सासूबाईंशीसुद्धा!

  

आता आमच्या वस्तीवरच्या बायकाही महिन्याला वर्गणी काढतात आणि मोठ्यानं मोजतात. तुमच्या वाडीवरचा हापसा बंद असेल, तर मंडळी, नवीन बोअरसाठी अर्ज करायच्या आधी वायसर बघून घ्या. पुन्हा सांगते, आधी वायसर बघा. आणि बघताना पाणी भरणाऱ्या बायकांना बोलवा. नमस्कार.