खोडदचा वाटा

पुण्याहून नाशिककडे जाताना नारायणगावाशी महामार्ग सोडून पूर्वेकडे खोडदची वाट धरली, की द्राक्षबागांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांच्या पलीकडे पोलादी जाळीच्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे आणि अशा ३० तबकड्या मिळून एकच दुर्बीण होते. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. यांपैकी १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर आसपासच्या गावांच्या शिवारात पसरलेल्या आहेत. ही वेधशाळा टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते.

२९ जून २०२३ रोजी जगातील खगोलशास्त्रज्ञांच्या अनेक गटांनी एकाच वेळी एक निष्कर्ष जाहीर केला. अवघे विश्व अतिशय संथ गुरुत्वीय लहरींनी, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींनी, सतत हलत असल्याचा पुरावा आपल्या निरीक्षणांत दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील गटांबरोबर त्या दिवशी भारताचे नावही होते. इंडियन पल्सार टायमिंग ॲरे, म्हणजे इनपीटीए, या भारतीय आणि जपानी संशोधकांच्या गटाने युरोपीय गटाशी मिळून आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला होता, आणि त्यात वापरलेल्या सहा मोठ्या दुर्बिणींपैकी एक खोडदची होती.

या लहरी २०१५ साली अमेरिकेतील लायगो वेधशाळेने टिपलेल्या लहरींहून वेगळ्या आहेत. लायगोने ऐकलेली कंपने सेकंदाच्या अंशात संपणारी होती, तर या लहरींचे एकच आवर्तन पूर्ण होण्यास कित्येक वर्षे, कधी दशकेही लागतात. दीर्घिकांच्या केंद्रांत असलेली, सूर्याच्या कोट्यवधी ते अब्जावधी पट वस्तुमानाची कृष्णविवरे जोडीने एकमेकांभोवती फिरत असताना त्या निर्माण होत असाव्यात, असा आजचा सर्वाधिक मान्य तर्क आहे. त्यांची तरंगलांबी प्रकाशवर्षांत मोजावी लागते, त्यामुळे त्या टिपू शकेल असे कोणतेही उपकरण पृथ्वीवर मावणार नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी उपकरण म्हणून आपल्या आकाशगंगेतील स्पंदक तारेच वापरले. सेकंदाला शेकडो वेळा स्वतःभोवती फिरणाऱ्या या न्यूट्रॉन ताऱ्यांचे रेडिओ स्पंद इतके नियमित असतात, की पुढचा स्पंद पृथ्वीवर कधी पोहोचेल हे वर्षानुवर्षे आधी सांगता येते. मधल्या अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली, तर स्पंद सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागाइतका लवकर किंवा उशिरा येतो. अशी चूक एका ताऱ्याच्या बाबतीत कशानेही होऊ शकते. परंतु आकाशात जवळजवळ दिसणारे स्पंदक एकाच रीतीने चुकू लागले, आणि सुमारे काटकोनात असलेले स्पंदक उलट रीतीने चुकू लागले, तर त्या चुकांमागे एक समान कारण आहे असे मानावे लागते. हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडलेल्या या आकृतिबंधाचाच शोध सर्व गट घेत होते.

येथे जीएमआरटीचे काम सुरू होते. ताऱ्यांमधील अवकाश पूर्णपणे रिकामे नसते. त्यातील विरळ इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओ लहरींना उशीर होतो आणि कमी वारंवारतेच्या लहरींना तो अधिक होतो. १,४०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत ४०० मेगाहर्ट्झवर हा उशीर जवळपास बारा पट असतो. शिवाय पृथ्वी आणि तारा दोन्ही सरकत असल्याने वाटेतील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण महिन्यागणिक बदलते, आणि हा बदल नीट वजा केला नाही तर तो गुरुत्वीय लहरीचा भास निर्माण करू शकतो. युरोपातील दुर्बिणींची बहुतेक निरीक्षणे उच्च वारंवारतांवर झालेली असल्याने त्यांना हा बदल बारकाईने मोजणे अवघड जाते. जीएमआरटीमध्ये ३० तबकड्यांचे गट पाडून एकाच वेळी, एकाच स्पंदकाचे, एका गटाने ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर आणि दुसऱ्या गटाने १,२६० ते १,४६० मेगाहर्ट्झवर निरीक्षण करता येते. दोन्ही नोंदी एकाच क्षणाच्या असल्याने त्यांच्यातील फरकावरून वाटेतला उशीर थेट हाती येतो. युरोपीय गटाकडे २५ स्पंदकांची आणि त्यांतील काहींची तर जवळपास २५ वर्षांची नोंद होती. भारतीय गटाने त्यांतील दहा स्पंदकांची सुमारे साडेतीन वर्षांची निरीक्षणे त्यात जोडली. काळाने ही भर लहान आहे, पण ती जेथे उणीव होती नेमकी तेथे पडली.

‘भारताने विश्वाची कंपने शोधली’ असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो, आणि तो टाळलेलाच बरा. सत्य असे आहे, की भारताच्या वाट्याला शोधाचा एक भाग आला आणि तो भाग दुसऱ्या कोणाला इतक्या चांगल्या रीतीने करता आला नसता. मला स्वतःला या दुसऱ्या विधानाचा अभिमान अधिक वाटतो, कारण त्यातील प्रत्येक शब्द तपासून पाहता येतो.

ही दुर्बीण आयात केलेली नाही, हेही त्या अभिमानात धरावे लागते. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप १९६३ साली अमेरिकेतून परतून टाटा संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियाने देऊ केलेल्या जुन्या ३२ लहान तबकड्या उभारून त्यांनी १९६५ साली कल्याणजवळ सूर्याचे वेध घेणे सुरू केले. पुढे उटीजवळ ५३० मीटर लांबीची दुर्बीण अशा उतारावर बांधली, की त्या उताराचा कोन तेथील अक्षांशाइतकाच असल्याने ती पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाली. खोडदला प्रश्न पैशांचा होता. ४५ मीटरच्या तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा केला असता, तर वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी सांगाडा अतिशय जड आणि खर्चिक झाला असता. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ही जाळी भरीव आरशासारखीच वाटते, आणि वारा मात्र तिच्यातून निघून जातो. काटकसरीतून निघालेली ही युक्ती आज जगभर वाखाणली जाते. पुढे याच दुर्बिणीची ग्राहकयंत्रणा बदलून एका वेळी टिपता येणारा वारंवारतांचा पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेण्यात आला, आणि या सुधारणेवाचून स्पंदकांचे हे काम इतक्या अचूकतेने झाले नसते.

या सर्वाची किंमत परिसरही मोजतो. मोबाइल मनोरे, विजेच्या तारांवरील ठिणग्या आणि यंत्रांचा गोंगाट यांपुढे आकाशातून येणारा संकेत अत्यंत क्षीण असतो, त्यामुळे आसपास काय उभारावे यावर मर्यादा येतात. पुणे-नाशिक नियोजित रेल्वेमार्गाच्या आखणीचा वाद याच कारणाने उद्भवला. रेल्वेची वाट पाहणाऱ्या तालुक्याला हा विषय सोपा नाही, आणि दुर्बिणीच्या कौतुकात तो झाकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शोधाबाबतही एक सावधगिरी पाळावी लागते. युरोपीय-भारतीय निरीक्षणांत हा आकृतिबंध निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता साधारण हजारात एक होती. भौतिकशास्त्रात ‘शोध’ हा शब्द वापरण्यासाठी याहून कितीतरी कडक कसोटी लावली जाते, म्हणूनच शोधनिबंधांनी ‘पुरावा’ हा शब्द निवडला. ती कसोटी गाठण्यासाठी सर्व गटांची निरीक्षणे एकत्र करण्याचे काम चालू आहे. इनपीटीएने आपल्या दुसऱ्या संचात २७ स्पंदकांची सात वर्षांची निरीक्षणे प्रसिद्ध केली असून, पुढील जागतिक विश्लेषणात कमी वारंवारतेवरील दुरुस्तीचा मोठा भार खोडदच्या नोंदींवर असेल.