झाडगावचा देवमासा

हा सांगाडा बघा. कॅमेरा डोक्याकडून निघालाय आणि अजून शेपटी यायचीय.

रत्नागिरीत झाडगावला, समुद्राच्या कडेला, सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, त्यांच्या म्युझियममधला हा देवमासा. आपल्यासारखाच फुप्फुसानं श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी, आणि हे पुस्तकात वाचून जेवढं पटत नाही तेवढं इथे हाडं बघून पटतं. पुढचा पर घ्या, बाहेरून नुसतं वल्हं वाटतं, पण देवमाशाच्या त्या वल्ह्यात दंडाचं हाड असतं, मनगट असतं, बोटांची पेरं असतात, सगळं ओळीनं. मानेचे मणके सात, आपले असतात तेवढेच, फक्त चपटे आणि एकमेकांना खेटलेले. मागचे पाय कधीच गेले, कमरेचं छोटंसं हाड तेवढं राहिलंय, तेही पाठीच्या कण्याला न जोडलेलं. शाळेच्या सहली गणपतीपुळ्याला, रत्नदुर्गाला जातात ना, त्यांनी अर्धा तास तरी इथे थांबायलाच हवं.

आता अ‍ॅक्वेरियम. हा लायनफिश, पर पसरून आरामात फिरतोय, कारण पाठीवरच्या काट्यांत विष आहे, त्याला कसली घाई. आणि हे समुद्रघोडे. मादी अंडी देते ती नराच्या पोटावरच्या पिशवीत, पिल्लं बाहेर येतात ती बाबांच्या पोटातून!

पण खाऱ्या पाण्याची टाकी जिवंत ठेवणं सोपं नाही हां. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो त्यांनाच मारतो, मग फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट करतात मग नायट्रेट, आणि हे बॅक्टेरिया नव्या टाकीत नीट बसायलाच काही आठवडे जातात. त्यात पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं, म्हणून समुद्राच्या माशांना वरून गोडं पाणी घालत राहायचं.

इथून जवळच, गणपतीपुळ्याला, नोव्हेंबर 2023 मध्ये देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, लोकांनी खूप खटपट करून भरतीला परत समुद्रात सोडलं, पण ते वाचलं नाही. असं जनावर जिवंत दिसलं तर शेपटी धरून ओढू नका, अंग ओलं ठेवा पण डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका, आणि लगेच वनखात्याला 1926 वर फोन लावा.