सॉफ्टवेअर आलं, तरी वॉर्डातलं रजिस्टर का जात नाही?

नमस्कार मंडळी! नाशिकमधल्या पन्नास-साठ खाटांच्या एखाद्या हॉस्पिटलात रात्रपाळी सुरू होताना वॉर्डात उभं राहून बघा. सिस्टर आधी रजिस्टरमध्ये टीपीआर, म्हणजे पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास, लिहिते, मग तेच आकडे कॉम्प्युटरवर भरते. मालक डॉक्टर वैतागतात, "एवढे पैसे घातले, स्टाफला वापरायला नको!" आणि पुन्हा ट्रेनिंग लावतात.

ट्रेनिंगनं हे सुटणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जोनाथन ग्रुडिन नावाच्या संशोधकानं १९८८ मध्येच सांगून ठेवलंय की मिळून वापरायच्या सिस्टिम फसतात, कारण राबतो एक आणि फायदा होतो दुसऱ्याला. आपल्याकडे फायदा कोणाला? बिलिंगला, विम्याचे क्लेम बघणाऱ्या टीपीए डेस्कला, मालकाला. सिस्टरच्या वाट्याला नुसतं टायपिंग. रजिस्टरही बंद होत नाही, कारण उद्या कोणी विचारलं "सही कुठाय?" तर काय दाखवायचं?

आता मोठ्या डॉक्टरांकडे या. व्हिजिटिंग कन्सल्टंट, म्हणजे अनेक हॉस्पिटलांत फिरून पेशंट बघणारे तज्ज्ञ, सकाळी कॉलेज रोडला, दुपारी द्वारकेला, संध्याकाळी पंचवटीत. प्रत्येक ठिकाणी सॉफ्टवेअर वेगळं, लॉगिन वेगळं. मग ते राउंड घेता घेता तोंडी ऑर्डर देतात, आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर, त्या कागदावर उतरवतो आणि सिस्टर ती स्वतःच्या नाहीतर कोणाच्याही उघड्या लॉगिनमधून भरते. म्हणजे औषध बदललं कोणी, हे नोंदीवरून कळतच नाही. "सर, तुम्हीच एंट्री करा," असं आरएमओनं म्हणायचं? शक्यच नाही, नोकरी करायचीय त्याला. इथे अडतंय ते सॉफ्टवेअरपाशी नाही, मानापमानापाशी.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय या नामांकित हॉस्पिटलनं औषधांच्या ऑर्डर कॉम्प्युटरवर द्यायची सिस्टिम आणली होती. डॉक्टरांनी बंड केलं, आणि २००३ च्या सुरुवातीला, काही महिन्यांतच, ती थांबवावी लागली. तिथे पैशाची कमी होती का?

सरकारी बाजूचं थोडक्यात सांगतो. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, पेशंटच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा १४ अंकी आभा क्रमांक आला. सुरगाण्याहून आलेल्या पेशंटच्या जुन्या नोंदी त्याच्या संमतीनं नाशिकच्या डॉक्टरला दिसाव्यात, ही कल्पना उत्तमच. पण मुळात नोंद झालीच नसेल तर दिसणार काय?

मग करायचं काय? सिस्टरला काहीतरी परत द्या. पाळी बदलताना हँडओव्हरचा कागद सिस्टिममधूनच छापून निघाला, तर तिचं हातानं लिहिणं वाचतं. मग बघा, ती एंट्री चुकवणार नाही. कन्सल्टंटच्या तोंडी ऑर्डरवर त्याच दिवशी त्यांचीच मंजुरी पडली पाहिजे, आणि हे त्यांना आरएमओनं नाही, मालकानं सांगायचं. रजिस्टर बंद करायची तारीखही मालकानंच लेखी जाहीर करायची.

आणि सॉफ्टवेअरवाला डेमोला आला की त्याला एसी केबिनमध्ये बसवू नका. वॉर्डात न्या, माउस रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात द्या आणि एक डोस नोंदवायला किती क्लिक लागतात ते मोजा. तोवर सेल्समनला बोलू देऊ नका.