स्लॅबमधील नाणी आणि सोलापूरची हवा

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या नाण्यांचा संग्रह करणारी मंडळी सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात पूर्वीपासून आहेत. अलीकडे मात्र त्यांच्या कपाटांत एक नवी वस्तू दिसू लागली आहे, ती म्हणजे तज्ज्ञांनी तपासून, प्रत ठरवून, पारदर्शक प्लास्टिकच्या कडक डबीत कायमचे बंद केलेले नाणे. संग्राहक या डबीला स्लॅब म्हणतात आणि अशा नाण्याला ग्रेडेड नाणे म्हणतात. ते घरी आल्यावर कसे सांभाळावे आणि चारचौघांना कसे दाखवावे, याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

नाण्याची प्रत १ ते ७० या अंकांत सांगण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेतील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. पुढे १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या तिथल्याच संस्थांनी हे अंक स्वीकारून नाणी तपासून डबीबंद करण्याचे काम सुरू केले. व्यवहारात न फिरलेल्या नाण्याला ६० ते ७० मधला अंक मिळतो. डबीतील चिठ्ठीवर त्या अंकाबरोबरच नाण्याचे वर्ष, दर्शनी मूल्य आणि त्या एकाच नाण्यापुरता प्रमाणपत्र क्रमांक छापलेला असतो.

हा अंक तपासणीच्या दिवशी नाणे जसे होते त्याविषयी बोलतो, हे संग्राहकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे. डबीमुळे नाण्याला हाताचा घाम लागत नाही, ओरखडे पडत नाहीत, नाणे खाली पडले तरी कडेला पोचा येत नाही. परंतु डबी पूर्णपणे हवाबंद नसते. दिवसा तापल्यावर आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते, रात्री गार झाल्यावर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि त्या हवेबरोबर बाष्प व गंधकयुक्त वायूही आत येतात. हवेतील हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, जो आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळा होतो. तांब्याचे दुखणे वेगळे असते. त्याच्यावर आधीपासून क्लोराइडचे अंश असतील तर दमट हवेत हिरवी भुकटी धरते आणि ती धातू खात राहते. म्हणून डबी घेतली की काम संपले, असे मानणे मला धोक्याचे वाटते. डबीभोवतीची हवा सांभाळणे हे संग्राहकाचेच काम राहते.

आपल्या शहराची हवा कोरडी, पाऊस बेताचा, त्यामुळे कोकणातील संग्राहकापेक्षा आपण सुखी आहोत, यात शंका नाही. तरीही मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोल्या रात्री उशिरापर्यंत तापलेल्या राहतात, आणि त्या उष्णतेवर उपाय म्हणून आपण कूलर लावतो. हा कूलर पाणी शिंपडून हवा गार करतो, म्हणजे खोलीतील दमटपणा तासाभरात वाढवतो. ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीत नाण्यांचे कपाट ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. घराच्या मधल्या भागातील, पश्चिमेचे ऊन न येणारी, स्वयंपाकघरापासून दूर असलेली खोली सर्वांत चांगली. फोडणीचा धूर आणि लसणाचा वास येतो तिथे गंधकाची संयुगेही येतात. जुन्या दगडी वाड्यात राहणाऱ्यांनी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, कारण पावसाळ्यात त्याच भिंतीला ओल धरते.

कपाटाच्या आत काय असते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. प्लायवूड आणि एमडीएफमधून फॉर्मिक व अॅसेटिक आम्लांची वाफ वर्षानुवर्षे निघत राहते, म्हणून पावडर कोटिंग केलेले लोखंडी कपाट बरे. नवे असेल तर रंगाचा वास जाईपर्यंत ते उघडे ठेवावे. डबीवर ओरखडे पडू नयेत म्हणून ती पातळ पिशवीत घालायची झाल्यास पिशवी पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरची असावी. मऊ, उग्र वासाचे पीव्हीसी कपाटात येऊच देऊ नये. रबरबँडमध्ये गंधक असते, लोकरीतही असते. डांबरगोळ्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, म्हणून कपड्यांच्या कपाटात नाणी नकोत.

चादरी आणि टॉवेल यांच्या या शहरात खणाला कापड अंथरण्याचा मोह साहजिकच होतो. सुती कापडाला माझा विरोध नाही. परंतु सुतावर काळा, गडद निळा किंवा तपकिरी रंग चढवण्यासाठी पुष्कळदा सल्फर डाय म्हणजे गंधकी रंग वापरतात, हे आपल्या रंगाईच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्यामुळे कापड अंथरायचेच असेल तर ते न रंगवलेले, खळ काढून स्वच्छ धुतलेले असावे. एखाद्या कापडाची किंवा रंगाची शंका आली तर संग्रहालये ती कशी तपासतात, हे जाणून घेण्यासारखे आहे. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली मांडलेल्या या परीक्षेत तो नमुना चांदी, तांबे आणि शिसे यांच्या लहान पट्ट्यांसह थोड्या पाण्यासोबत काचेच्या भांड्यात बंद करून ६० अंश तापमानात २८ दिवस ठेवतात. पट्ट्या काळवंडल्या किंवा गंजल्या तर ते साहित्य संग्रहाजवळ वापरत नाहीत.

स्लॅब २० मावतील अशा प्लास्टिकच्या पेट्या मिळतात. त्यात डब्या उभ्या ठेवाव्यात आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाकावी. निळे जेल ओले झाल्यावर गुलाबी होते, पण त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असते. म्हणून नारंगी जेल घ्यावे, जे ओल शोषल्यावर हिरवट होते. रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करता येते. छोटे आर्द्रतामापक स्वस्तात मिळते. ते पेटीत ठेवून आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत राहते का, हे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाहावे.

मौल्यवान नाणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनी एक नियम समजून घ्यावा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यामुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच आहे. त्यापुढचा विमा आपणच काढायचा असतो. घरात अग्निरोधक तिजोरी घेणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की तिच्या भिंतींतील भरावात पाणी बांधलेले असते आणि त्यामुळे आतली हवा दमट राहू शकते. तिथे सिलिका जेल हवेच.

आता मांडणीकडे येतो, कारण नाणी नुसती बंद करून ठेवण्यासाठी कोणी जमवत नाही. काचेच्या शोकेसमध्ये अॅक्रिलिकच्या तिरक्या स्टँडवर स्लॅब ठेवावा. प्रकाश एलईडीचा, एका बाजूने तिरपा टाकलेला असावा. समोरून टाकलेला प्रकाश प्लास्टिकवरच चमकतो, तिरप्या प्रकाशात मात्र राजाच्या चेहऱ्यावरील उठाव आणि अक्षरांच्या कडा स्पष्ट दिसतात. दिव्याचा तापणारा भाग शोकेसच्या बाहेर राहील, असे सुताराला सांगावे. ऊन येणारी जागा कटाक्षाने टाळावी, कारण उन्हाने चिठ्ठीची शाई फिकी पडते, प्लास्टिक पिवळे होते आणि डबी तापते.

पुष्कळ संग्राहक सर्वांत जास्त अंकाचे नाणे मधोमध ठेवतात. मला ती रीत पटत नाही. पाहणाऱ्याला अंकाचे कौतुक क्षणभर वाटते. नाण्याची हकिगत मात्र त्याच्या मनात राहते. औरंगजेबाच्या काळात सोलापूरच्या टाकसाळीत पाडलेला चांदीचा रुपया घिसलेला असला, त्याला अंक कमी मिळालेला असला, तरी सोलापूरच्या घरात त्याचा मान पहिला आहे. तीच गोष्ट पंचम जॉर्जच्या १९३० सालच्या ब्राँझच्या पाव आण्याची. नाणे साधे, पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली. डबीशेजारी हे दोन ओळींत लिहिलेले कार्ड ठेवले, तर शाळकरी मुलगाही त्या पाव आण्यासमोर थांबून राहील.

हा पाव आणा २०३० साली १०० वर्षांचा होईल, आणि तेव्हा तो १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येईल. या कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून मुघल रुपया किंवा शिवराई प्रत ठरवून घेण्यासाठी परदेशी धाडण्याचा विचार कोणी करू नये. असे काम भारतातच करून घ्यावे. बाजारात खोट्या डब्याही आल्या आहेत, तेव्हा विकत घेताना चिठ्ठीवरील क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा आणि तिथे छायाचित्र असेल तर हातातील नाण्याशी ताडून पाहावे.

प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, प्रमाणपत्र क्रमांक, खरेदीची तारीख आणि पावती यांची वही करावी आणि ती नाण्यांपासून वेगळ्या जागी ठेवावी. त्या वहीची माहिती घरातील किमान दोघांना द्यावी. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी चांदीची नाणी चिंच लावून उजळण्याची पद्धत आपल्या घरोघरी आहे, आणि संग्राहक घरी नसताना एखादा रुपया डबी फोडून त्यासाठी काढला जाऊ शकतो. असे घासलेले नाणे पुन्हा तपासणीला पाठवले, तर चिठ्ठीवर ‘साफ केलेले’ असा शेरा येतो आणि पूर्वीचा अंक परत मिळत नाही. पूजेसाठी दोन साधी नाणी वेगळी काढून ठेवावीत, आणि वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे की डबी उघडू नये. नमस्कार.